चिप्पी सुधारली, आता माझ्या त्या एका स्टारचं काय करू?

बांगडा_फ्राय
मंडळी, प्रश्न क्षुल्लक आहे, पण पंधरा दिवस डोक्यातून जात नाहीये.

मी मूळचा रत्नागिरीचा, अकरा वर्षं इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या लीड्सजवळच्या एका छोट्या गावात आहे. गावात एकच चिप्पी. (फिश अँड चिप्सच्या, म्हणजे तळलेला मासा आणि बटाट्याच्या जाड तळलेल्या काड्यांच्या दुकानाला इथे सगळे चिप्पीच म्हणतात.) घरापासून चालत सहा मिनिटं. शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाक बंद, हॅडक मासा आणि चिप्स, हा आमचा ठरलेला कार्यक्रम.

२०२३च्या फेब्रुवारीत आई आली होती. पंढरीची माळ घातल्यापासून तिने मासे सोडलेत, म्हणून तिच्यासाठी नुसते चिप्स घेतले. घरी येऊन डबा उघडला तर आत घामाघूम. माशाचं आवरण ओल्या गोधडीसारखं सुटून आलं, चिप्स गार. आईने चार खाल्ले आणि म्हणाली, "बाळा, याला वास कसला येतोय रे?" मी म्हटलं, तेल जुनं असेल. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं तर मालक शांतपणे म्हणाला, बीफ ड्रिपिंग. म्हणजे गाईची चरबी. इथे पिढ्यान्पिढ्या त्यातच तळतात, तुला माहीत नव्हतं?

नव्हतं. नऊ वर्षं खात होतो. माझं एक जाऊ दे, पण माळकरी बाईला मी ते खाऊ घातलं. दुकानात एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. त्या रात्री बसून तीन परिच्छेदांचा रिव्ह्यू लिहिला आणि एक स्टार दिला. मालकाने उत्तर दिलं, "आवडत नसेल तर दुसरीकडे जा." गेलो.

आता गेल्या महिन्यात मुलाच्या हट्टाखातर परत गेलो. दुकान ओळखूच आलं नाही. नवी रेंज (तळायच्या कढया बसवलेला मोठा ओटा), दारातच फळा: मासे आणि चिप्स ड्रिपिंगमध्ये, शेवटची कढई फक्त वनस्पती तेलाची, त्यात चिप्स वेगळे मिळतील, दहा मिनिटं थांबावं लागेल. मासा समोर तळून दिला. मालकाने चिमट्याने वर टकटक केलं, तर खारी वाजावी तसा आवाज आला. मालक तोच.

तर प्रश्न असा: माझा एक स्टार अजून तिथे तसाच आहे. काढू? बदलू? की राहू दे? आणि आपण लिहितो म्हणून दुकानं सुधारतात, हे खरं असतं का?

आळशी_कासव
मी पयला! वाचून सविस्तर लिहितो.

तिखटमीठ
बदलू नका. रिव्ह्यू म्हणजे त्या दिवसाचा पंचनामा. नंतर चोर सुधारला म्हणून कोणी पंचनामा फाडत नाही. हवं तर खाली तारीख घालून नवीन लिहा.

मालवणी_झील
अरे मेल्यांनो, ताजो बांगडो सोडून पिठाची गोधडी पांघरलेलो मासो खातास काय तुमी? आणि वर व्हिनेगार! आयडी बांगडा_फ्राय आणि खातास हॅडक. लाज वाटाक व्हयी.

बांगडा_फ्राय
@मालवणी_झील, इथे बांगडा मिळतो रे, पण घरात तळला की शेजारीण खिडक्या लावून घेते.

रात्रपाळी
या विषयावर बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे. ब्रॅडफर्डला शिकत असताना दीड वर्ष चिप्पीत कामाला होतो. अंगाला येणारा वास तीन धुण्यांत जायचा नाही, बसमध्ये शेजारची जागा कायम रिकामी.

सुरुवातीला मला फक्त बटाट्यांना हात लावायची परवानगी होती. आतून सँडपेपरसारखं खरखरीत असलेलं एक गोल पिंप असतं. त्यात बटाटे टाकले की पिंप फिरतं आणि सालं घासून निघतात. मग एकेक बटाटा हातात घेऊन चाकूने डोळे काढायचे. रोज पोतीच्या पोती. चार महिन्यांनी मालकाने मासा सोडायला दिला.

तर बांगडाभाऊ, तुमच्या त्या डब्यात काय झालं होतं ते सांगतो. आवरण कुरकुरीत व्हायचं तर पीठ थंडगार आणि तेल कडक लागतं, साधारण १८० अंश. मासा आधी कोरड्या पिठात घोळवायचा, मग पातळ पिठात बुडवायचा. तेलात एकदम सोडायचा नाही. शेपटीकडून धरून दोनतीनदा पुढेमागे झुलवायचा आणि आपल्यापासून दूर आडवा निजवायचा, नाहीतर तळाला जाऊन चिकटतो. शुक्रवारी रांग दाराबाहेर गेली की मालकाला घाई होते, एका कढईत दुप्पट मासे पडतात. तेल गार होतं आणि पीठ तेल पितं. हा एक प्रकार. दुसरा असा की, रांग यायच्या आधीच तळून ठेवायचं. रेंजच्या वर काचेचं गरम कपाट असतं, त्यात मासा वीस मिनिटं बसला की आतली वाफ बाहेर यायला बघते आणि आवरण आतून ओलं होतं. तुमचा मासा कपाटातला होता.

चिप्स फेब्रुवारीत बिघडतात त्याचं कारण वेगळं. बटाटा गार जागी ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. मग तो तेलात पडल्या पडल्या बाहेरून लाल होतो आणि आतून कच्चा राहतो. आपल्याकडे वेफर्स करणाऱ्या बायका "बटाटा गोड पडलाय" म्हणून बाजूला काढतात, तेच हे. चांगला चिप्पीवाला पोतं आलं की आधी दोन काड्या तळून बघतो.

आणि ड्रिपिंग गार झालं की थिजतं. त्यात तळलेले चिप्स गरम खाल्ले तर चव असते. गार झाले तर टाळूला मेण लावल्यासारखं वाटतं. तुमच्या आईला कळलं ते बहुतेक त्यामुळेच.

राहता राहिला तुमचा प्रश्न. आमचा मालक ऑनलाइन रिव्ह्यू कधीच वाचायचा नाही. काउंटरवर काय शिल्लक राहतं ते बघायचा.

ताम्हिणी
@रात्रपाळी दंडवत! यावर वेगळा लेख पाडा. टंकायचा आळस करू नका.

ओला_बटवा
यॉर्कशायरवाल्यांनी ड्रिपिंगमध्येच तळायचं हे अलिखित आहे. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल असतं. मी रेडिंगला राहते, इथे कॉड खातात, तोही कातडीसकट. उत्तरेत हॅडक आणि कातडी काढून. एकाच देशात माशाच्या कातडीवरून दोन पक्ष. आणि आपण मिसळीवरून भांडतो म्हणून आपल्यालाच हसतात.

खडूस_म्हातारा
रसभंग करतो, माफी असावी. बांगडाराव, तुमचा डबा थर्मोकोलसारख्या पांढऱ्या पदार्थाचा होता ना? बंद झाकण, वाफेला जायला वाट नाही. आता काय देतात? पुठ्ठ्याचा डबा किंवा कागद? तो तुमच्या रिव्ह्यूने आला नाही. १ ऑक्टोबर २०२३पासून इंग्लंडमध्ये पॉलिस्टायरीनच्या त्या डब्यांवर बंदीच आली. म्हणजे "ओली गोधडी" या तक्रारीतला अर्धा भाग सरकारने सोडवला.

आणि तुम्ही लिहिलंत तो काळही जरा आठवा. २०२२मध्ये युक्रेनचं युद्ध, सूर्यफूल तेल महाग, रशियन पांढऱ्या माशावर ३५ टक्के जकात. करोनात कमी केलेला व्हॅट एप्रिल २०२२ला परत २० टक्क्यांवर. विजेची आणि गॅसची बिलं तर बघवत नव्हती. त्या वर्षी बरेच चिप्पीवाले दुकान चालू ठेवण्याच्या विवंचनेत होते. माणूस विवंचनेत असला की तेल एक दिवस जास्त वापरतो. चुकीचं आहे, पण वापरतो.

तिखटमीठ
@खडूस_म्हातारा, सगळं मान्य. पण युक्रेनच्या युद्धामुळे फळ्यावर "यात गाईची चरबी आहे" एवढं लिहिता येत नव्हतं का? खडू काही रशियातून येत नाही.

खडूस_म्हातारा
:) हा मुद्दा बिनतोड.

कार्डिफकर
याबाबत थोडी माहिती. इथल्या कायद्यात ग्राहकाला सांगायलाच हवेत असे १४ अ‍ॅलर्जी-घटक आहेत. मासा आहे, गहू आहे, मोहरीसुद्धा आहे. बीफ त्यात नाही, कारण ती यादी अ‍ॅलर्जीची आहे, श्रद्धेची नाही. त्यामुळे विचारलं नाही तर बरेचजण सांगत नाहीत. फसवायचा हेतू असतोच असं नाही. चरबी हा त्यांच्या लेखी पाण्यासारखा विषय आहे. माझ्या सासूबाईंसाठी मी आता वाक्यच पाठ केलंय: "चिप्स कशात तळता, आणि त्याच कढईत मासा जातो का?" दुसरा अर्धा भाग विसरू नका, तेल वनस्पतीचं आणि कढई माशाची असा प्रकार फार.

दुसरं, स्टारांपेक्षा दारावरचा स्वच्छतेचा हिरवा-काळा स्टिकर बघत जा. शून्य ते पाच. वेल्समध्ये तो लावणं २०१३पासून सक्तीचं आहे. तुमच्या इंग्लंडमध्ये सक्ती नाही, त्यामुळे दोन मिळालेला दुकानदार तो खणात ठेवतो. पण आकडा सरकारी साइटवर सगळ्यांना दिसतो. आमच्या गल्लीतल्या एकाला दोन मिळाले होते, सक्तीने दारावर. बिचारा तीन महिने स्टिकरसमोर कुंडी ठेवायचा. शेवटी सगळं नीट केलं, स्वतः अर्ज करून परत तपासणी मागितली, पाच मिळाले. कुंडी गेली.

आळशी_कासव
कुंडीला पाच स्टार.

एडिंबरावाली
अवांतर: आमच्याकडे व्हिनेगर नाही, "सॉल्ट अँड सॉस". तपकिरी, आंबट, पातळ सॉस, बाटलीतून शिंपडतात. ग्लासगोवाले यावरून आम्हाला अडाणी समजतात. पहिल्यांदा मी कोल्हापूरहून आलेल्या भावाला घेऊन गेले. तो म्हणाला, "ताई, यांनी चिंचेची चटणी करायला घेतली आणि मध्येच पाहुणे आले वाटतं."

ओला_बटवा
हसून हसून पुरेवाट! आणि मशी पीज म्हणजे हिरवा रगडा. तसेच रात्रभर सोडा घालून भिजवलेले वाळके वाटाणे. वर शेव आणि कांदा मारला की सासरेबुवा दोन वाट्या खातात. चिप्पीची करी सॉस मात्र माझ्या समजण्यापलीकडची आहे. फोडणी विसरलेली आमटी.

बांगडा_फ्राय
खबरदार, करी सॉसला नावं ठेवायची नाहीत. ती करी नाही हे एकदा मनाला सांगितलं की छान लागते.

आणि आमच्या यॉर्कशायरचा एक मोठेपणा कोणी सांगितलाच नाही. "स्क्रॅप्स" मागितले की तळणीतला पिठाचा चुरा वरून फुकट टाकतात. वडापावच्या गाडीवरचा चुरा आठवा. पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी परदेशात आहे हेच विसरलो.

खानावळवाली
बराच वेळ वाचतेय, आता लिहितेच. मालवणजवळ आमची खानावळ आहे, सासूबाईंच्या काळापासून. मी आणि दोन बायका, बस. मागच्या मे महिन्यात एकाने एक स्टार दिला. कारण काय, तर "माशाला मासळीचा वास येत होता" आणि "वाढणाऱ्या बाई हसल्या नाहीत". दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर चाळीस माणसं, आत गॅससमोर मी. कुठून हसू?

पण एकाने तीन स्टार देऊन लिहिलं होतं की सोलकढी पातळ आहे आणि दुसऱ्यांदा मागितली तर आणखी पातळ येते. वाचून आधी राग आला. संध्याकाळी स्वतः पिऊन बघितली. खरंच होती. गर्दी वाढली की मुलगी तिसऱ्या पाण्याचं नारळाचं दूध घालत होती. दुसऱ्या दिवसापासून दोन नारळ वाढवले. त्या माणसाचं नावसुद्धा मला माहीत नाही, पण त्याने माझं काम केलं.

तर बांगडादादा, काय चुकलं ते तुम्ही तीन परिच्छेद नीट लिहिलंत, हे चांगलं. "फालतू जागा, जाऊ नका" एवढंच लिहिणाऱ्याचं आम्ही काय करायचं? पण आता सुधारलं असेल तर तसंही लिहा हो. वाईट लिहायला माणूस रात्री बारापर्यंत जागतो, चांगलं लिहायला कोणाला वेळ नसतो.

मालवणी_झील
वहिनी, खानावळीचा नाव खाजगी निरोपात कळवा. पुढच्या महिन्यात येतंय. हसूक नाय तरी चलात.

कल्याण_स्लो
+१ खानावळवाली. प्रतिसाद वाचनखूण साठवली.

पुणेरी_दुपार
मला मूळ प्रश्नच कळला नाही. दुकानदाराने "दुसरीकडे जा" असं सांगितलं, यात रिव्ह्यू बदलण्यासारखं काय आहे? आमच्याकडे हे आदराने सांगतात आणि पाटीवर लिहून ठेवतात.

रात्रपाळी
:D

@बांगडा_फ्राय, एक शक्यता. तुमच्या लीड्सलाच फिश फ्रायर लोकांची राष्ट्रीय संघटना आहे, १९१३पासूनची. तिथे चिप्पीवाल्यांसाठी रीतसर प्रशिक्षण असतं: बटाटा कसा ओळखायचा, तेल कसं गाळायचं, पीठ कसं भिजवायचं. कोणी तीस वर्षं एका पद्धतीने तळणारा माणूस असा एकदम समोर तळून द्यायला लागला, तर तो कुठेतरी शिकून आला असणार. दुकान मध्ये बंद होतं का?

बांगडा_फ्राय
हो, बायको म्हणते पाचसहा आठवडे बंद होतं. मला वाटलं विकलं.

थांबा, शुक्रवारी जातो आणि त्यालाच विचारतो. रिव्ह्यू माझाच होता हे सांगावं का, हा उपप्रश्न.

तिखटमीठ
सांगा. पण मासा हातात आल्यावर.

आळशी_कासव
सगळं वाचलं. माझं मत: काय करायचं ते करा, पण धागा अपूर्ण सोडू नका. इथे "शुक्रवारी सांगतो" म्हणून गेलेले २०१६पासून परत आलेले नाहीत.

बांगडा_फ्राय
आलो. शनिवार सकाळ, चहा हातात.

काल मुद्दाम साडेचारला गेलो, रांग नसते. मालक कढई गाळत होता. मासा सांगितला, चिप्स शेवटच्या कढईतले सांगितले आणि सरळ विषय काढला. म्हटलं, दोन वर्षांपूर्वी ड्रिपिंगवरून एक लांबलचक रिव्ह्यू आला होता, आठवतो? आईचा?

तो म्हणाला, "कुठला रिव्ह्यू?"

मंडळी, त्याने वाचलेलाच नाही. ते सगळं त्याची बायको बघायची. "दुसरीकडे जा" हे उत्तरही तिचंच. ती मागे बटाटे बघत होती, तिने तिथूनच हात वर केला. हो, मीच. चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही.

मग शेवटची कढई कशी आली? तर मुलगी. सतरा वर्षांची, शाकाहारी झाली. दुकानात शनिवारी काम करायची आणि दुकानातलंच काही खायची नाही. एक दिवस गिऱ्हाइकासमोर म्हणाली, बाबा, मी हे विकते पण खात नाही. नवी रेंज घ्यायचीच होती, जुनी तीस वर्षांची, एका बाजूला तापायचीच नाही. म्हणजे रात्रपाळीने सांगितलेला पहिला प्रकार, कढईच गार होती. नवी घेताना एक कढई जास्त घेतली. डबे कायद्याने गेले, खडूसकाकांचंही बरोबर. दुकान बंद असताना दोन दिवस लीड्सला शिकून आला. "तीस वर्षं मासा सोडतोय, आणि तिथल्या शिकवणाऱ्या पोरीने माझा हात धरून दाखवलं की तू चुकीचा सोडतोस," असं म्हणाला आणि हवेत चिमटा झुलवून दाखवला. पुढेमागे, पुढेमागे, आडवा.

मी विचारलं, मग गिऱ्हाइकांपैकी कोणी कधी काही बोललंच नाही? तो जरा गप्प झाला. बुधवारी दुपारी पेन्शनरांचा छोटा मासा स्वस्तात असतो. त्याला एक म्हातारा वीस वर्षं यायचा, कायम त्याच खुर्चीवर. काही न बोलता यायचा बंद झाला. मालकाला वाटलं, गेला बिचारा. मग एका बुधवारी माल आणायला शेजारच्या गावात गेला, तर तिथल्या चिप्पीच्या रांगेत तो उभा. दोघांची नजरानजर झाली. म्हाताऱ्याने टोपीला हात लावला आणि रांगेत पुढे सरकला.

"त्या रात्री मी रेंजचा कॅटलॉग मागवला," म्हणाला.

ताम्हिणी
टोपीला हात लावला!! मेलाच असेल मालक.

खानावळवाली
हे मला कळलं. लिहून भांडणारा परवडतो.

कार्डिफकर
म्हातारा परत आला का?

बांगडा_फ्राय
विचारलं ना. आला, नव्या रेंजच्या तिसऱ्या बुधवारी. काही बोलला नाही, सगळं खाल्लं.

आणि हो, रिव्ह्यू माझा होता हे शेवटी सांगितलं. मालक म्हणाला, तुझ्या आईला सांग, सॉरी. तिची चूक नव्हती. पुढच्या वेळी आणलीस की पैसे घेणार नाही. त्याच्या बायकोने मागून विचारलं, स्टार किती देतोस आता?

पुणेरी_दुपार
मुद्द्याचं बोलल्या त्या. किती दिलेस?

बांगडा_फ्राय
जुना तसाच ठेवला आहे, तिखटमीठ यांच्या सांगण्याप्रमाणे खाली आजची तारीख घालून जे बदललं ते लिहिलं. साइटवर स्टार एकदाच देता येतात, ते चार केले. पाचवा राखून ठेवलाय. व्हिनेगर अजून पाणचट आहे.

रात्रपाळी
ते व्हिनेगर नसणारच. बऱ्याच चिप्प्यांत पाण्यात अ‍ॅसेटिक आम्ल आणि रंगासाठी कॅरमेल घातलेलं असतं. त्याला कायद्याने व्हिनेगर म्हणताही येत नाही, "नॉन-ब्रूड काँडिमेंट" म्हणतात. बाटलीच्या मागचं बारीक वाचा. माल्ट व्हिनेगर मागा, काउंटरखाली असलं तर देतील.

बांगडा_फ्राय
म्हणजे अकरा वर्षं तेही?!

मालवणी_झील
रडा नको. पुढच्या खेपेक आयेक सांग, सुटकेसीतून कोकमाच्या आगळाची बाटली हाडूक.

खानावळवाली
नीट बूच लावून. गेल्या वेळी माझ्या नणंदेच्या सगळ्या साड्या गुलाबी झाल्या.